आत्याचं गोंदण पुसणार नाही

पहिल्या कॅसेटचे स्क्रू काढून झाकण उचललं, तर आतून भाताचे चार दाणे टेबलावर पडले. टरफलासकट. मागोमाग एक मेलेला सोंडा आणि निरगुडीच्या वाळक्या पानांचा चुरा.

शहापूरला एसटी स्टँडमागे माझं एका गाळ्याचं दुकान आहे. लोकांच्या लग्नाच्या, बारशाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी मी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. कॅसेटींत बुरशी सापडते, झुरळांची अंडी सापडतात, एकदा कुणा पोरानं आत सारलेली पाटीवरची पेन्सिल सापडली होती. भात मात्र पहिल्यांदाच पाहिला.

त्या कॅसेटी माझ्याच गावाहून आल्या होत्या. गाव मुरबाड तालुक्यात, धसईपासून थोडं आत. आमच्या शेजारचे काका कल्याणला एका कारखान्यात नोकरीला होते. गावातला पहिला टीव्ही त्यांचा, पहिला व्हीसीआरही त्यांचाच. मी त्यांना फोन लावला.

"काका, कॅसेटी भाताच्या कणगीत ठेवल्या होत्या का?"

"मंग कुठं ठेवू? बी ठेवतात तिथंच ठेवल्या. पाला पन घातला होता वरून. का रे, किडा लागला?"

"एक सोंडा निघाला."

"एकच? मंग चांगल्या राहिल्या की!"

खरोखरच चांगल्या राहिल्या होत्या. आमच्याकडच्या पावसाळ्यांनी माळ्यावरच्या, कपाटातल्या, पलंगाखालच्या कॅसेटी खाऊन टाकल्या. काकांच्या कॅसेटींची ओल भातानं ओढून घेतली. आणि मुंबईत ज्या खोलीत ओल शिरायची सोय नव्हती, जिथे बारा महिने एसी चालायचा, तिथल्या मूळ कॅसेटी मात्र गेल्या. त्या मी घालवल्या. तेच सांगायला बसलो आहे. पण आधी मालिकेबद्दल सांगतो.

तेरा भागांची मालिका होती. टोकावडे आणि वैशाखरे यांच्या मधल्या एका गावात तिचं चित्रीकरण झालं. गोष्ट साधी. गावात एक नवी डॉक्टरीण येते, तिचं तिथल्या म्हाताऱ्या सुईणीशी पटत नाही, आणि हळूहळू पटायला लागतं. डॉक्टरीण झालेली बाई मुंबईची नटी होती. सुईण झालेली बाई माझी आत्या होती.

आत्यानं त्याआधी कधी नाटकाच्या पडद्यालाही हात लावला नव्हता. धसईच्या बाजारात ती पडवळावरून एका बाईशी भांडत होती, ते दिग्दर्शकानं ऐकलं आणि जीप थांबवली. ती तेव्हा चाळिशीची. तिचे केस पांढरे केले, बाकी काही केलं नाही. बोली तिचीच राहू दिली, नाय आणि आमी-तुमीसकट. कपाळही तिचंच राहू दिलं. आत्याच्या दोन भुवयांच्या मध्ये गोंदणाची एक उभी रेघ आहे, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन ठिपके आहेत आणि हनुवटीवर एक. ती सात-आठ वर्षांची असताना गोंदणारणीनं ते काढलं. पुढे आमच्या घरानं धम्म स्वीकारला. आजोबांनी सांगितलं, आता यापुढे पोरींना टोचायचं नाही. त्यामुळे आत्याच्या पाठच्या बहिणीचं कपाळ कोरं आहे. आत्या गोंदणाचा अभिमान सांगत नाही, त्याची लाजही बाळगत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "सुयांनी काढलंय. तेवढी रडले, आता कशाला बोलू त्याच्यावर?"

मालिका लागायची ते आवणीचे, भातलावणीचे दिवस होते. बायका चिखलातून येऊन चूल पेटवेपर्यंत भाग संपलेला असायचा. म्हणून काका प्रत्येक भाग रेकॉर्ड करून ठेवत, आणि एखाद्या रविवारी दुपारी, पाऊस उघडला की, आख्ख्या आळीला दाखवत. आत्या सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून बसायची. स्वतःचा चेहरा दिसला की पदर तोंडाला लावायची आणि पदराआडून बघायची. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या दुपारी मला छाती फुगल्यासारखी वाटायची, हे मला लख्ख आठवतं. मग पुढे काय झालं ते सांगणं म्हणूनच जड आहे.

कॉलेज संपल्यावर मला मुंबईत नोकरी लागली, ती मालिका बनवणाऱ्या त्याच स्टुडिओत, कॅसेटींच्या खोलीत. ती नोकरी मला माझ्या मार्कांनी मिळाली नाही. आत्यानं दिग्दर्शकाकडे शब्द टाकला होता. कॅसेटींची नोंद ठेवायची, मागतील तेव्हा काढून द्यायच्या, परत आल्या की जागेवर लावायच्या, एवढं काम. स्टुडिओच्या कँटीनमध्ये एक जण नकला करायचा. त्याची सगळ्यात गाजलेली नक्कल सुईणीची. कमरेवर हात ठेवून, हेल काढून तो ओरडायचा, "पानी तापीव गो बाय!" टेबलं हसायची. मीही हसायचो. ती बाई माझी आत्या आहे, तिच्या शब्दामुळे मी इथे जेवतो आहे, हे मी तिथे कुणालाही सांगितलं नाही. एकालाही नाही. एकदा एकानं विचारलं, "तू पण तिकडचाच ना रे, मुरबाडकडचा?" मी म्हणालो, "तिकडचा, पण आमचं गाव वेगळं."

नव्या कॅसेटी महाग पडत. म्हणून जुन्या पुसून पुन्हा वापरायच्या, ही त्या काळी बऱ्याच ठिकाणची रीत होती. वरून यादी यायची. यादीतल्या कॅसेटी एका यंत्रावर ठेवायच्या. आत मोठं लोहचुंबक असायचं, बटण दाबलं की घुं असा आवाज यायचा आणि कॅसेट कोरी व्हायची. यंत्राजवळ जाताना मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, नाहीतर ते बिघडतं, हे मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दुसरं काही वाचवायची आठवण कुणी करून दिली नव्हती.

एका यादीत ती मालिका आली. तेरा कॅसेटी.

माझ्याबरोबर काम करणारा एक जण त्याच्या आवडत्या गायिकेच्या कॅसेटी फळीमागे लपवायचा आणि यादीवर लिहायचा, "सापडली नाही." त्याला कधी कुणी जाब विचारला नाही. मलाही ते दोन शब्द लिहिता आले असते. मी लिहिले नाहीत. नोकरी नवी होती, भीती होती, हे सगळं खरं आहे, आणि इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. त्या कॅसेटी गेल्या तर कँटीनमधली नक्कल विझेल, असं मला वाटलं होतं. मला सुटका हवी होती. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि तेरा वेळा बटण दाबलं. अर्धा तासही लागला नाही. मग जेवायला गेलो.

पुढे स्टुडिओ बंद पडला, मी गावाकडे सरकत सरकत शहापूरला आलो आणि हे दुकान टाकलं. दोन वर्षांपूर्वी त्या दिग्दर्शकाची मुलगी दुकानात आली. वडील गेले होते, मालिकेचे हक्क तिच्याकडे होते. जुन्या मराठी मालिका मोबाइलवर दाखवणाऱ्या एका अ‍ॅपला ती मालिका हवी होती आणि मूळ कॅसेटी कुठेच मिळत नव्हत्या.

"दादा, तुम्ही त्या खोलीत होतात म्हणे. काही माहीत आहे का तुम्हाला?"

मी म्हणालो, "शोधतो, ताई."

हेही खोटंच होतं. शोधण्यासारखं तिथे काही उरलं नाही हे मला माहीत होतं. पण त्या खोट्यानंच मला कामाला लावलं. मला आधी आठवल्या त्या काकांच्या कॅसेटी. त्यांतून नऊ भाग निघाले; बाकीच्या कधीकाळी कुणी कुणी मागून नेल्या होत्या. एक भाग टोकावड्याच्या एका ढाबेवाल्याकडे मिळाला, एक वैशाखऱ्याच्या निवृत्त गुरुजींकडे. अकरा झाले. नववा आणि बारावा भाग कुठेच मिळाले नाहीत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतलं, ज्या घरात कधीकाळी व्हीसीआर होता असं घर मी सोडलं नाही. लोकांनी माझ्यापुढे पोत्यांनी कॅसेटी ओतल्या. लग्नं, साखरपुडे, कुणाच्या तरी कबड्डीचे सामने. नववा आणि बारावा नाहीत.

लोकांना वाटतं, जुनी मालिका परत आणायची म्हणजे धूळ झटकायची आणि लावायची. तसं नसतं. चित्र हलतं, ते स्थिर करावं लागतं. आवाजात खरखर असते. शीर्षकगीत ज्यांनी रचलं त्यांच्या वारसांची परवानगी लागते. काम केलेल्या प्रत्येक कलाकाराची, नसेल तर त्याच्या घरच्यांची, सही लागते, कारण तेव्हाच्या करारात मोबाइल नावाची गोष्ट नव्हती. ताईनं एकेक सही गोळा केली. डॉक्टरीण झालेल्या नटीनं दिली. एका नटाच्या दोन मुलांचं आपसात पटत नव्हतं, त्यांनी वेगवेगळ्या कागदांवर दिली. राहिली फक्त आत्याची सही. ती आणायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते रोज उद्यावर ढकलत होतो. आत्या विचारणार, मूळ कॅसेटी कुठं गेल्या. ती विचारल्याशिवाय राहणारी बाई नाही.

त्यात सहाव्या भागाची भानगड. त्या भागात सुईण भर पावसात बांधावरून धावत निघते, पाय घसरतो, आणि एकदम पडद्यावर एक नवरी हमसून हमसून रडायला लागते. लग्न काकांच्या पुतणीचं. पाठवणीच्या वेळी व्हिडिओवाल्याची कॅसेट संपली, तेव्हा कुणीतरी धावत घरात गेलं आणि कणगीत हात घालून पहिली लागली ती कॅसेट घेऊन आलं. बघताना वीज गेल्यामुळे ती भागाच्या मध्येच थांबलेली होती. व्हिडिओवाल्यानं तिथूनच पुढे चालू केलं. सात मिनिटं पाठवणी, मग परत सुईण, आता घरात, हातपाय धुतलेली. मधली सात मिनिटं गेली ती गेली.

अ‍ॅपवाल्यांनी कळवलं, लग्न कापा आणि दोन्ही टोकं जोडा. आणि अकरा भागांना एक ते अकरा असे क्रमांक द्या, म्हणजे काही गहाळ आहे हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. मी तेव्हा गप्प बसलो. गप्प बसायची मला जुनी सवय आहे.

मग साफ केलेल्या पहिल्या भागाचा नमुना आला.

अ‍ॅपनं नेमलेल्या एका लॅबमध्ये संगणकावर चित्र साफ होत होतं. मी दुकानात फाइल उघडली. चित्र सुंदर दिसत होतं, हे मान्य करतो. डोंगर स्वच्छ, पाणी स्वच्छ. मग आत्याचा चेहरा जवळून आला. कपाळ कोरं. रेघ नाही, ठिपके नाहीत, हनुवटीवरचा ठिपका नाही. गाल घोटीव, सुरकुत्या गेलेल्या, कातडी दोन छटांनी उजळ. तिच्या पाठच्या बहिणीसारखी दिसत होती. तिच्याहून गोरी.

मी लॅबला फोन लावला. एक तरुण मुलगी बोलली.

"सर, डस्ट रिमूव्हल आहे ते. सॉफ्टवेअरला तो डाग वाटतो."

"तो डाग नाही."

"हो सर, पण काळा आणि बारीक आहे ना, ते धूळ समजतं. सगळ्याच बायकांचे गेलेत. सुईण आहे, मागे पाणी भरणाऱ्या आहेत…"

"ते गोंदण आहे. ती माझी आत्या आहे."

या धंद्यातल्या माणसाला मी हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा सांगत होतो. पस्तीसएक वर्षं उशिरा, आणि तेही अशा मुलीला जिला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तरी ती हळू आवाजात म्हणाली, "सर, वाचवता येतं. पण हातानं करावं लागतं. एकेक फ्रेम. सेकंदाला पंचवीस. तेवढा वेळ आम्हाला देणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप आणि सहीचा कागद घेऊन गावाला गेलो.

आत्या ओट्यावर वाल सोलत बसली होती. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. मी तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि नमुना लावला. तिनं हात पदराला पुसले, पुढे वाकली, बराच वेळ बघितलं.

"ही कोन?"

"तू, आत्या."

"मी नाय ही."

"तूच आहेस. चित्र साफ केलंय त्यांनी."

"साफ केलंय की मढं धुतलंय?" ती परत वालाकडे वळली. "ही कुनाची तरी सून दिसतेय, शहरातली. सही पायजे ना तुला? हिचीच घे."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मग तिनं तोच प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. "आनि कनगीतल्या कॅसेटी नेल्यास काकांच्या. तुमच्या मुंबईच्या कुठं गेल्या? तू होतास ना तिथं राखनीला?"

मी सांगितलं. यादीचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं. ती ऐकत होती आणि सालं टोपलीत पडत होती. एवढ्यावर थांबता आलं असतं. मग मी कँटीनचंही सांगितलं. नक्कल, हसणं, "आमचं गाव वेगळं".

तिचे हात थांबले.

"तुझ्या हातानं पुसलीस?"

"हो."

"मी दाराशी बसून बघायची ना, तेव्हा तुझ्या तोंडाकडं बघायची. टीव्हीकडं नाय. तुला बरं वाटतंय का ते बघायची."

तिनं मला माफ केलं असं मी इथे लिहिणार नाही, कारण तिनं तसं म्हटलं नाही. थोड्या वेळानं तिनं टोपली माझ्याकडे सरकवली. म्हणजे सोल. मी सोलायला लागलो.

"किती गेल्या म्हनालास?" ती म्हणाली.

"दोन पूर्ण. एकाची सात मिनिटं."

"ते त्यात लिहिनार काय?"

"अ‍ॅपवाले म्हणतात, क्रमांकच बदलू. कुणाला कळणार नाही."

"मंग माझंबी कुनाला कळलं नसतं की, कपाल पुसलेलं." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "माझं ठेवायचं तर तुझं पन ठेव. दोन गेल्यात तर गेल्यात म्हनून लिही. कुनी घालवल्या ते पन लिही. मंग ये सही घ्यायला."

परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदा राग आला. स्वतःवरचा राग जुना आहे, त्याची मला सवय आहे. हा नवा होता. एका यंत्रानं मी एकदा आत्याला पुसलं होतं, कुणी यादी दिली म्हणून. आता दुसरं यंत्र तिला पुसत होतं आणि मी पुन्हा यादी हातात घेऊन उभा होतो. सोयीचं आहे म्हणून, पद्धत आहे म्हणून, वेळ नाही म्हणून. या वेळी मी बटण दाबणार नव्हतो. मग मालिका कुठेही लागली नाही तरी चालेल.

मी ताईला हे सगळं सांगितलं, माझ्या वाट्याच्या भागासकट. ती म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, कुठेतरी असतील, सापडतील." दोन दिवसांनी तिचा फोन आला. "सुईणीच्या सहीशिवाय मालिका जाणार नाही, असं मी त्यांना कळवलंय. सुईणीच्या अटींसकट."

अ‍ॅपवाल्यांच्या माणसानं मला समजावायचा प्रयत्न केला. आजच्या प्रेक्षकाला चित्र चकचकीत लागतं, म्हणाला. गोंदण वगैरे बारीकसारीक गोष्ट आहे, कोण बघतंय? मी म्हणालो, "जिच्या कपाळावर आहे ती बघतेय." तो म्हणाला, अशानं मालिका कधीच लोकांपर्यंत पोचणार नाही. मी म्हणालो, कोरं कपाळ पोचवण्यापेक्षा न पोचलेली बरी. पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मालिका त्यांना नको होती.

नको तर नको. लॅबमधल्या त्या मुलीनं मात्र एक केलं. सुट्टीच्या दिवशी तिनं मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, चित्रातला ठरावीक तुकडा वेगळा कसा राखायचा आणि यंत्राला तिथे हात लावू नको असं कसं सांगायचं. शिकायला महिना गेला. मग मी बसलो. आत्या जवळून दिसते अशी प्रत्येक फ्रेम मी हातानं केली. मागे पाणी भरणाऱ्या बायकांच्यासुद्धा केल्या. त्यांची नावं मला माहीत नाहीत, त्यांची कपाळं आता पाठ आहेत. दुकानात गिऱ्हाईक आलं की उठायचं, गेलं की परत बसायचं. सात महिने गेले. माझा उजवा खांदा तेव्हापासून दुखतो आणि मला त्याची तक्रार नाही.

आवाजाची खरखर थोडी राहिली. चित्र डोंगराच्या कडेला अजून थरथरतं. राहू दे. सहाव्या भागातलं लग्न मी कापलं नाही. तिथे होतं तेच होतं.

काम संपल्यावर मी आत्याला दाखवलं. तिनं स्वतःचं कपाळ पडद्यावर बोटानं चाचपलं, रेघ, ठिपके, मोजल्यासारखं. मग कागद मागितला. कागदावर मी अटी मराठीत लिहिल्या होत्या. तिनं त्या मला दोनदा वाचायला लावल्या आणि सही केली, एकेक अक्षर थांबून.

ताई म्हणाली, आता इंटरनेटवर आपणच टाकू, कुणाला विचारायचं नाही. पण त्याआधी गावात. आमच्या विहाराच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी, जशी काका दाखवायचे तशी. खिडक्यांवर ताडपत्री बांधली, भिंतीवर पांढरी चादर लावली. आमची आळी आली, वरच्या आळीतले कुणबी आले, टोकावड्याचा ढाबेवाला त्याच्या बायकोला घेऊन आला. सरपंच शाल आणि पुस्तक घेऊन आले होते, मालिका वाचवणाऱ्याच्या सत्कारासाठी. मी ती शाल घेतली नाही. म्हणालो, आधी पूर्ण बघा, मग ठरवा.

दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी सहाव्या भागात सुईण घसरली आणि नवरी रडायला लागली, तेव्हा हॉलमध्ये असा हशा झाला की ताडपत्री हलली. ती नवरी, आता नातवंडांची आजी, तिथेच बसली होती. "अगो, मी किती बारीक होते गो!" असं ओरडली. मग पडद्यावर तिची आई दिसली, जी आता नाही. पाठवणी संपेपर्यंत कुणी हललं नाही. सुईण परत आली तेव्हा कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "बाय, तुझ्या पाठवनीत आमची बालंतीन राहिली की!"

दुसऱ्या रविवारी सातवा आणि आठवा भाग झाले. आत्या मागे, दाराला टेकून बसली होती. तिच्या तोंडाला पदर नव्हता. मग नवव्या भागाच्या जागी मी केलेली पाटी आली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: "भाग नववा. हा भाग आता कुठेही नाही. मूळ कॅसेट पुसली गेली. ज्यानं पुसली, त्यानंच बाकीचे भाग जमवले आहेत."

मी पाटी वीस सेकंद ठेवली होती. तेव्हा ती फार लांब वाटली नव्हती. लोक वाचत होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारचे वाचून दाखवत होते. माझ्याकडे माना वळायला लागल्या. काका पुढच्या रांगेतून मोठ्यानं म्हणाले, "पुसली? कुनी रे पुसली?"

मी उठायला लागलो.

मागून, दाराजवळून, आत्याचा आवाज आला. ज्या आवाजाची कँटीनमध्ये नक्कल व्हायची तोच, फक्त म्हातारा झालेला, आणि आख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढा.

"तो काय तिथं बसलाय, मशीनपाशी. माझा भाचा. आता त्याच्या तोंडाकडं काय बघता, माझ्याकडं बघा. आनि तू रे, उभा काय राहिलास? पुढचा लाव."

मी पुढचा लावला.